अकरा महिन्यांचा करार

गाळा बघायचा नाही आधी. पाय बघायचे.
ब्याऐंशी साली गोवावेसच्या कोपऱ्यावर
तीन दिवस चहा पीत बसलो होतो.
शर्टाच्या डाव्या खिशात चिंचोके.
बाई गेली की एक उजव्या खिशात,
हातातली पिशवी भरलेली असली तर दोन.
चौथ्या दिवशी इसार दिला.
आठ बाय दहा. पत्रा गळका.
खरं सावली दुपारी दोनपर्यंत, आणि पायरी एकच.

पुतण्या लॅपटॉप उघडून विचारतो,
काका, यील्ड किती पडलं?
मोज की, म्हटलं. चिंचोके देऊ?

त्याआधी उद्यमबागेत, फौंड्रीत, मोल्डिंगला.
काळी वाळू नाकात, रुमालात, भाकरीत.
पगाराच्या पाकिटावर शेठचं नाव छापलेलं,
माझं पेन्सिलीनं.
त्याच शेठची शेड मी दोन हजार नऊला घेतली.
आनंद झाला का? झाला.
जेवणापर्यंत टिकला.

वडगावातले माग निघाले तेव्हा
त्यांच्या खड्ड्यांत मुरूम मीच टाकला, चार ट्रॉल्या.
वर फरशी. आता तिथं कुरिअरचं गोदाम.
सह्या झाल्यावर बसाप्पा विणकर
त्या सपाट जमिनीवर टेकला
आणि पाय खाली सोडायला गेला.
पाय कुठं सोडणार?
मी पेनाचं टोपण शोधत राहिलो.

पाटीवर कुठली अक्षरं मोठी
यावरून आमच्या गावात दगड उडालेत.
मी पेंटरला सांगितलं, दोन्ही काढ, एकाच मापात:
भाड्याने देणे आहे. बाडिगेगे इदे.
रिकामं शटर दोन्ही भाषांत सारखंच गप्प असतं.

बँक आली, बारा वर्षं राहिली, गेली.
तिजोरीची भिंत फोडायला नऊ दिवस लागले.
मग चौदा महिने कोणी नाही.
रोज संध्याकाळी जाऊन आतला एक दिवा लावायचा,
रात्री दहाला विझवायचा,
मेलेली जागा लोकांना कळू नये म्हणून.
धंद्यातलं काय शिकवू तुला?
हे शिकवतो. दिव्याचं.

सत्तावीस गाळे, दोन गोदामं,
एक कॉम्प्लेक्स, लिफ्टसकट.
खरं राहतो भाड्यानं. शहापुरात, दोन खोल्या.
स्वतःचं घर कोणाला भाडं देतं का,
असं बायकोला सांगत गेलो.
ओटा तिला चार बोटं उंच पडायचा.
पाट घेऊन उभी राहायची पोळ्या करताना.
ओटा उतरवायचा तर मालकिणीला विचारायला हवं होतं.
विचारीन म्हणत होतो.
पाट अजून तिथंच आहे.

मालकीण गंगव्वा हुक्केरी, वय ऐंशीच्या पुढं.
एक तारखेला येते, पावतीबुक पदरात.
करार मीच छापून दिलेला:
अकरा महिने, दहा टक्के वाढ,
उशीर झाला तर दंड. कलमं सगळी माझी,
एकही ती विसरत नाही.

तीनदा भाव विचारला तिला.
तिसऱ्यांदा कोरा चेक ठेवला पुढ्यात.
तिनं तो उलटा करून पाहिला,
मागंही काही लिहिलेलं नव्हतं.
मारोदिल्ल, म्हणाली. मग माझ्या भाषेत, सावकाश:
विकून टाकलं तर
एक तारखेला मी जायचं कुठं?

आज तीस.
सुटे काढून ठेवलेत.