शनिवारी दहाच्या आत

जवसाचं तेल नको.
तीन दिवस घेतं ते, इथे नोव्हेंबरात पाच,
आणि व्हर्नर, तुझा कार्यक्रम उद्या दहाला आहे.
तूच म्हणायचास, लाकूड तेल पितं तर पिऊ दे,
म्हाताऱ्याला पेज पाजतात तसं, घोट घोट.
पण तू आता म्हातारा राहिला नाहीस.

पॉलियुरेथेन जाळीत ओघळतं,
भोकाभोकाला थेंब लोंबतात
सर्दी झालेल्या पोरासारखे.
फवाऱ्याचं लॅकर वीस मिनिटांत वाळेल,
त्याला मात्र गॅरेजचं दार उघडं लागतं
आणि दाराबाहेर डुलुथ आहे,
उणे अकरा,
सरोवरावरून आलेला वारा
जो कुणाला न विचारता आत येतो.

म्हणून हा डबा. शेलॅक.
चिक्कीच्या चुऱ्यासारखे बदामी पापुद्रे
काल रात्रीच स्पिरिटमध्ये भिजत घातलेत.
लाख आहे ही. आमच्याकडची.
गोंदियाला पळसाच्या फांद्यांवरून खरवडायचे,
बाबांच्या पोस्टात पार्सलावर वितळवायचे
आणि मी वर पितळी शिक्का मारायची, बोट भाजून घेत.
तुला हे सांगायचं राहून गेलं.
फार काही राहिलं असं नाही. एवढंच.

शेगडी विझवली, स्पिरिट आहे ना.
ऊब उरलीये तोवर उरकायचं.
अक्रोडाच्या फळीतून कापलेला लून पक्षी,
पाठीवर चौसष्ट ठिपके, चौसष्ट भोकं,
तुझ्या पेटीच्या झाकणावर बसेल एवढा.
सात पाती मोडली.
पातं मोडलं की तू म्हणायचास,
घाई लाकडाला कळते.
कळू दे.

आर्डिसने तुझ्या शर्टाचं फडकं दिलंय,
फ्लॅनेलचं, बटण तसंच राहिलेलं.
पहिला हात दिला
आणि अक्रोड दचकल्यासारखा काळा झाला.
पाऊण तास. बारीक कागद. धूळ पुसली.
दुसरा हात.
मधल्या वेळात चहा, तोही स्पिरिटच्या वासाचा.
तिसरा, रात्री एकला.

मग दिसलं, डोळ्याच्या भोकात
लाखेने पडदा धरलाय,
पातळ, पिवळसर, साबणाच्या फुग्यासारखा.
सुई शोधली. नाही सापडली.
फुंकर मारली.

पलीकडे भिंत दिसली,
खिळ्याला अडकवलेले तुझे हातमोजे.