काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चादर

त्या मे महिन्यात सोलापूर त्रेचाळीसवर होतं
आणि लाइट दिवसातनं सात-सात तास जायची.
माग थांबले की आमच्या गल्लीला
एकदम ऐकू यायला लागतं:
कुणाचा खोकला,
उंबऱ्याशी बिडीची पानं कातरणारी कात्री,
दूर होटगीकडे निघालेल्या मालगाडीची धडधड.

अशाच एका बंद दुपारी
मल्लिनाथ कलशेट्टी सायकल स्टँडला न लावता
भिंतीवर फेकून आत आला.
म्हणाला, विकले गेले बे.
कोण?
आपले.

आपले म्हणजे
ज्या गावाचं नाव आमच्या तोंडात नीट बसत नाही
त्या इटलीतल्या गावचे.
ज्यांच्यासाठी रविवारी मध्यरात्री
केबलवाल्याला वीस रुपये जास्तीचे,
मधे कडक भाकरीचा ढीग, शेंगाचटणी,
आणि गोल झाला की
उशीत तोंड खुपसून ओरडायचं,
कारण भिंतीपलीकडे पहिल्या पाळीची माणसं झोपलेली.

फोन झाले होते म्हणे.
कुठल्या सामन्याला कुठला पंच, याचे.
मल्लिनाथनं पेपर तीनदा वाचला,
तिन्ही वेळा तेच निघालं.

लक्ष्मीपती कुरापाटी कार्ड ठोकतो.
पुठ्ठ्याला भोक पडलं की दोरा उचलला जातो,
नाही पडलं की पडून राहतो.
चादरीवर मोर येणार की कमळ
हे माग सुरू व्हायच्या कितीतरी आधी
त्याच्या टेबलावर झालेलं असतं.
तो बराच वेळ नखातली पुठ्ठ्याची भुकटी काढत बसला.
मग म्हणाला,
म्हणजे वर कार्ड लावलेलं होतं.
आणि आपण खाली बसून
काय उठतंय, काय उठतंय म्हणून बघत होतो.

ती चादरही त्यानंच काढलेली.
मालक तिरुपतीला गेलेला, एक रविवार, उरलेलं सूत,
काळा पट्टा, पांढरा पट्टा,
कोपऱ्यात मोराऐवजी चेंडू. जरा लांबट झालेला,
भोपळ्यासारखा, पण चेंडू.
चार वर्षं टीव्हीमागच्या भिंतीवर होती.

जाळा, मल्लिनाथ म्हणाला.
खेळणाऱ्यांना काय माहीत, कुणीतरी म्हणालं,
धोट्याला कुणी सांगतं का कापड कुणाचं ते?
मग सगळेच बोलायला लागले,
मराठीत, तेलुगूत, कन्नडात,
एकाच देशाला तीन भाषांतनं शिव्या.
मी पण दिल्या. चांगल्या दिल्या.

गौस नदाफनं नाही दिल्या.

गौस आमचा गोली.
आठ वर्षांपूर्वी, कारखान्यांच्या कपाची फायनल,
शेवटच्या मिनिटाला पेनल्टी,
मारणारा समोरच्या मालकाचा भाचा.
चेंडू उजवीकडे गेला, गौस डावीकडे.
होतं असं.
पुढच्या सोमवारी गौस त्याच मालकाकडे
दोन मागांवर उभा होता,
आणि आम्ही त्याच्याच पैशानं चहा प्यायलो.
कुणी काही विचारलं नाही.
विचारायचं नाही, हे न बोलता ठरलं.

आता तो उठला, खिळ्यावरनं चादर काढली,
धूळ झटकली, घडी घातली,
चारी कोपरे जुळवून, दुकानात घालतात तशी.
सूत चांगलंय, म्हणाला, सुताला कशाला जाळता.
दारात थांबला.
पाठ आमच्याकडेच.
उजवीकडे येणार, हे मला दिसलं होतं, म्हणाला.
त्याचा पाय बघूनच...

तेवढ्यात लाइट आली.
गल्लीतले साठ-सत्तर माग एकदम सुटले,
आणि पुढचं त्याचं तोंड हललेलं तेवढं दिसलं.

पुढच्या वर्षी आपले खालच्या वर्गात खेळले.
ते सामने आमच्या केबलवर दिसत नव्हते.
भिंतीवर चादरीएवढा चौकोन राहिला,
बाकी रंगाहून जरा उजळ.
चादर गौसकडेच आहे.
थंडीत पांघरतो, असं त्याची पोरगी म्हणाली.