चौदा दिवसांची मुदत

खोक्यातून काढला तेव्हा आधी वासच आला,
कोऱ्या रबराचा, थोडा गोंदाचा.
फिल्मच्या कॅमेऱ्याला असा वास येतो
हे मला ठाऊकच नव्हतं.
आजवर हुंगली ती बुरशी,
दुसऱ्यांच्या कपाटांतली.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला:
दोनशे एकोणसत्तर ग्रॅम.
बॅटरीसकट दोनशे शहाऐंशी.
किंमत काट्यावर मावत नाही.
दीड महिन्याचं घरभाडं,
आणि आवडला नाही तर परत करायला
चौदा दिवस.

आधीचा नदीकाठच्या जुन्या बाजारातला होता,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
अकराव्या फोटोवर जबडा उघडून बसला
तो मिटलाच नाही.
दुरुस्त करणारे म्हणाले, सुटे भाग नाहीत,
आणि पुढे काही बोलले नाहीत.

म्हणून हा. वरच्या मजल्यावर
इंगेलोरे त्सशोखंकडे घेऊन गेलो.
एकोणीस वर्षं त्या इथेच, ड्रेस्डेनच्या कारखान्यात,
शटरच्या पाती बसवायच्या
चिमट्याने, श्वास रोखून.
मग एका वर्षी आधी कारखाना आवरला
आणि पाठोपाठ देश.

त्यांनी डोळ्याला लावला नाही.
कानाला लावला.
बटण अर्धं दाबलं: टिक्.
पुरतं दाबलं: घर्र.
‘मोटर खादाड आहे. पाती बऱ्या.’
मग विचारलं, ‘याला अंतर कसं कळतं?’
मी सांगितलं, न दिसणारा उजेड फेकतो,
तो आपटून परत यायला लागतो तेवढा वेळ मोजतो.
‘वटवाघूळ,’ म्हणाल्या.
‘आणि मधे काच आली तर?’
मी गप्प.
त्या उठल्या, बाल्कनीत गेल्या,
दार लावून घेतलं,
काचेपलीकडून हाताने खूण केली: काढ.

छत्तीस फोटो चार दिवसांत उडवले.
एवढी घाई फिल्मला शोभत नाही,
पण मुदत मोजत होती.
धुऊन यायला नऊ दिवस.
त्या नऊ दिवसांत मी हिशेब मांडत राहिलो:
फ्लॅश एकदा बंद केला की बंदच राहतो
(जुना दर वेळी विसरायचा),
डोळा लावायची खिडकी मात्र चणीएवढी,
चष्मा घालून अर्धं जग बाहेर राहतं.
पोरगेलं झाकण. हातमोज्यांत बटण सापडत नाही.
दोन वर्षांची हमी.
जमेला काय धरायचं, खर्चाला काय,
रोज बदलत होतं.

तेराव्या दिवशी पाकीट आलं.
तळमजल्यावरचा यान्नेस, काखेत पाव, धावताना,
पावावरचं पीठसुद्धा मोजून घ्यावं.
पुलाखालून जाणारी आगबोट, ठीक.
एक माझाच अंगठा.
आणि तेविसावा:
काचेवरचे पाण्याचे सुकलेले डाग, एकूण एक धारदार,
आणि त्यांच्यामागे इंगेलोरेबाई,
चहाच्या वाफेइतक्या.

चौदाव्या दिवशी खोकं टेबलावर, परतीची चिठ्ठी चिकटवलेली.
त्यांनी तेविसावा फोटो बराच वेळ हातात धरला.
‘काच पुसायला झाली आहे,’ म्हणाल्या.
मग कॅमेरा उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला,
तळाच्या स्क्रूवर नख टेकवलं.
‘हे बघ. पाना निसटलाय इथे.
केसाएवढा ओरखडा.
यंत्राचा हात निसटत नाही.’
मला दिसला नाही. दिव्याखाली धरला, तरी नाही.
‘पहिल्या आठवड्यातली असेल,’ त्या म्हणाल्या,
कुणाबद्दल ते सांगितलं नाही,
‘संध्याकाळी मनगट दुखत असेल.’

साडेपाचला मी खोकं काखेत मारून निघालो.
पोस्ट आणि फिल्म विकणारं दुकान
एकाच गल्लीत आहेत.
पोस्ट आधी लागतं.
रांगेत चारच माणसं होती.
दाराच्या काचेत बघून मी भांग नीट केला
आणि पुढे गेलो.