डावीकडचा ढीग

खानापूरच्या देवळाच्या अंगणात
रुजायमावशी कौलं वाजवून घेत होती.
बोटाच्या पेराने एक ठोका:
खणखणलं तर उजवीकडे,
बद्द बोललं तर डावीकडे.

मी समोर उभा राहिलो. इनास,
छपराच्या वर्गणीची वही सांभाळणारा.
म्हटलं, अकराशे चाळीस कमी आहेत.
उंदरांनी नाही खाल्ले. मी.

तिने पुढचं कौल उचललं. ठोका. उजवीकडे.
"खरं?"
हा शब्द इकडे मराठीत चालतो, कानडीतही,
बाजारात, कोर्टात, मर्तिकाला,
याच्यावर कुणी दावा ठोकलेला नाही.
"खरं," मी म्हटलं.

"असू दे" म्हणाली असती
तर मी त्याच पावली घरी गेलो असतो
आणि जन्मभर
त्या दोन शब्दांखाली गळत राहिलो असतो.

"वहीत लिही. तुझ्या अक्षरात. नाव घालून."
लिहिलं.
शाई वाळेपर्यंत ती थांबली,
मग लुगडं सावरून जराशी सरकली.
लाल धुळीत
एका माणसापुरती जागा झाली.
"बस. डावीकडची परत वाजव,
घाईत एखादं चांगलंही टाकलं असेल मी."

येशूचं वाचताना फादर दोन शब्द जोडीने घेतात,
कृपा आणि सत्य.
इतकी वर्षं मी त्या 'आणि'च्या जागी
'पण' ऐकत आलो होतो.

ठोका. बद्द.
ठोका. बद्द.
शिडीवरून बसाप्पाने हात खाली केला,
"कोडरी, इनास!"
माझ्या हातातलं
तेवढ्यात खणखणलं.