डबा परत करायचाय

मार्केट यार्डात तवनाप्पा मगदुमांच्या दुकानी
भाव विचारायच्या आधीच तळहातावर गूळ येतो.
विळ्याच्या टोकानं रव्याचा कोपरा उडवतात ते
आणि मान दुसरीकडे वळवतात,
जणू दिलंच नाही काही.
एका दुपारी मी पोत्यावर बसून मोजलं :
सतरा जणांनी खाल्ला, चौदांनी घेतला.
त्यातली एक बाई तर गुळाला आलीच नव्हती,
रेल्वे फाटक कुठं म्हणून विचारत होती.

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी हेच करते, पडद्यावर.
आमच्या धंद्यात याला लांबलचक नाव आहे.
आई एका ओळीत उरकते :
शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही.

तर त्यांच्या साइटवर मी आधी दिलं.
गुळाच्या पोळीचं प्रमाण, चिमूटभर सुंठेसकट,
रंग मारलेला गूळ ओळखायच्या खुणा,
गुऱ्हाळाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ,
काहिलीवरची मळी काढणारा हात तेवढा दिसतो, माणूस नाही.
सगळं फुकट.
आणि जरा खाली, तोंड गोड असतानाच,
एक चौकोन : तुमचा नंबर द्याल?
त्याखाली करड्या, बारीक अक्षरांत
"नको, मला भेसळीचाच चालतो."
मला ते फार जमल्यासारखं वाटलं.

तवनाप्पांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.
"हे कुणाला म्हणायचं?"
"जो नंबर देणार नाही त्याला."
"म्हंजे खाऊन चाललेल्या माणसाला
मागनं हाक मारून शिवी."
मी म्हणाले, लोक लाजतात, आकडे वाढतात.
"वाढत्यात की. लाजवल्यावर वाढणारच.
पर त्यो परत ह्या बोळातनं जाईल व्हय?"

मी ओळ पुसली.
लिहिलं, "आत्ता नको, पुन्हा येईन."
आकडे उतरले.
नंतर चढले का, ते अजून सांगता येत नाही.

इथं थांबले असते
तर तवनाप्पा भले आणि मी शहाणी झालेली, असं दिसलं असतं.
पण निघताना त्यांनी काकवीचा डबा दिला.
स्टीलचा, कडीचा, झाकणावर ठोकून कोरलेलं :
सौ. पद्मल त. मगदूम.
आणि मान दुसरीकडे.

ते मार्चात. आता श्रावण.
बिल तयार आहे, अडतीस हजार पाचशे.
दर सोमवारी उघडते.
एकदा वरचे पाचशे काढले, आकडा सरळ दिसावा म्हणून.
मग छत्तीस केले.
मग खाली लिहिलं, होस्टिंग माझ्याकडून.
काय चाललंय ते मला कळतं हो,
कॉलेजच्या पोरांसमोर मी यावर तासभर बोललेय,
फळ्यावर बाण काढून :
इथून देणं निघतं, इथं ओझं उतरतं.
कळून काय,
काकवी गोडच लागली.

डबा घासून ओट्यावर पालथा.
चिवडा घालू म्हटलं, तर लसूण चालत नाही त्यांना.
बटाट्याचा कीस नाही, चातुर्मास आहे.
आई म्हणाली, साखर घाल.
गुळाच्या व्यापाऱ्याला!
दोघी हसलो, आणि डबा तिथंच राहिला.

काल रात्री त्यांच्या साइटवर परक्यासारखी गेले.
फुकटचं सगळं वाचलं, हात दिसला, मळी दिसली.
चौकोन आला.
मी दाबलं, "आत्ता नको, पुन्हा येईन."
चौकोन निमूट मिटला.
पडद्याला काही चिकटत नाही,
तरी बोट मी ओढणीला पुसलं.