ओल अजून आहे

ऑक्टोबरात दिवाडीवर ऊन येतं
तेही नदी पोहून आल्यासारखं,
ओलं, खारट, धापा टाकत.
दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही थंडगार,
बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेलं,
आणि मी पुदिना सुकवायला काढते.

उन्हात नाही. उन्हात पान पांढरं पडतं.
सावलीत, जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यावर,
एका पानाचं अंग दुसऱ्याला लागू न देता.
गवती चहाच्या जुड्या खिडकीच्या गजांना उलट्या.
ओव्याची पानं मात्र जाड, लबाड,
आठ दिवस झाले तरी पोटात पाणी धरून बसतात.
त्यांची भजी करावी आणि विषय संपवावा.

चार वर्षांपूर्वी ताप आला.
ताप उतरला, पण त्यात गेलेला वास परतला नाही.
डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.
तो आमच्या फेरीसारखा:
भोंगा वाजवतो
आणि पलीकडच्या धक्क्यालाच उभा.

तेव्हापासून मी पान कानाशी धरून चुरडते.
कढीपत्ता वाळला की पापडासारखा कुरकुरतो,
कच्चा असला तर गप्प राहून वाकतो.
वाकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.
गवती चहा कट् करून तुटतो.
तुळस काहीच बोलत नाही,
नुसती भुकटी होऊन बोटांना चिकटते.

उपेंद्र फेरीवर इंजिनाला असतो.
उरलेलं त्याच्याकडे देते, उशीच्या अभ्र्यात भरून.
तो इंजिनखोलीच्या दारामागे खिळ्याला टांगतो.
तिथली ऊब कोरडी आहे.
माझी कोथिंबीर दिवसातून चाळीस वेळा नदी ओलांडते
आणि कुठेही न उतरता रात्री घरी येते.

डिझेलचा वास नाही ना लागत तिला?
मी विचारलं.
तो म्हणाला, मला कुठे कळतोय?
एकोणतीस वर्षं इंजिनात काढली मी.

म्हणजे या घरात नाकं दोन
आणि दोन्ही नुसती चष्म्यासाठी.

म्हणून एर्मेलिंडाबायची नात येते, वेलिशा,
वय वर्षं आठ, पगार एक नेवरी.
ती झाकण उघडते, डोळे मिटते, वेळ घेते.
पुदिना: पप्पाची टूथपेस्ट.
तुळस: तुमच्या दारातून जाताना येतो तो.
गवती चहा: मामीचं घर, पण दुपारचं.
गेल्या वर्षीची कोथिंबीर उघडली
आणि ती दोन पावलं मागे सरली.
दप्तर, म्हणाली. जूनमधलं.

मी बाटली उजेडात धरली.
तळाशी बारीक करडी लव.
त्याच आठवड्यात ती दोनदा वरणात पडली होती,
आम्ही दोघांनी वाढून घेऊन खाल्लं होतं,
आणि उपेंद्र म्हणाला होता, आज बरं झालंय.

केळीच्या बुंध्याशी ओतली सगळी.
बाटली उकळली, पुसली, पालथी घातली.
आता घाई नाही.
पानं भरते, झाकण लावते, रात्रभर ठेवते.
सकाळी काच आतून घामेजली
तर परत मच्छरदाणी, परत अभ्रा, परत चाळीस खेपा.
काच तीन सकाळी कोरडी राहिली
की मग चिठ्ठी चिकटवते:
नाव, तारीख, आणि खाली वेलिशा म्हणाली ते.
मामीचं घर, दुपारचं. सहा ऑक्टोबर.

काल रात्री दिवा घालवल्यावर
बाटली कानाशी धरून हलवत होते.
अंधारातून तो म्हणाला, काय म्हणतेय?

ओल अजून आहे.

तो उठला, त्याने बाटली घेतली,
झाकण काढून आत नाक घातलं, खोल, सवयीने.
मग माझ्यापुढे धरली. मीही घातलं.

काही?
नाही. तुला?

नदीवर शेवटच्या फेरीने भोंगा दिला.
आम्ही बाटली उघडीच ठेवून झोपलो.