भाग दोन

वहीत सातशे बारा कॅसेटी आहेत.
लाल शाईत राग, निळीत गाणाऱ्याचं नाव,
समासात पेन्सिलीनं प्रहर,
कारण पेन्सिल खोडता येते
आणि मी पुष्कळदा चुकलोय.

पोकळ्याही मांडून ठेवल्यात.
दोनशे चार : जोगकंस. वरणगावच्या साडूनं नेली.
तीनशे एकोणसाठ : टेप गुंतली, कापून जोडली,
विलंबितातून थेट तराण्यात.
आणि दुपारी एक ते चारचा रकाना,
एक भीमपलास सोडला तर कोराच.
छत्तीस वर्षं त्या वेळी मी केबिनमध्ये असायचो,
भुसावळ यार्डाच्या टोकाला,
वरचा पत्रा तापून वाजायचा
तेवढंच गाणं.

गॉडफ्रे डिकॉस्टा गाडी चालवायचा, इटारसी लाइनला.
पर्थला मुलीकडे कायमचा निघाला
तेव्हा त्यानं कपाट विकलं, कोंबड्या वाटल्या
आणि मला बुटांचा एक खोका दिला.
"तू गाण्याचा माणूस. मला फेकवत नाही."
तीन कॅसेटी नाताळच्या, एक रिकामी,
आणि एकीवर बॉलपेननं : बरोक, भाग दोन.
खाली इंग्रजीत चार अक्षरं. मी वाचलं 'बॅच'.
वाटलं, कुठल्या तरी तुकडीचा निरोप समारंभ असेल.

लावली, आणि घाबरलो.
एक सूर निघाला, बरा चालला होता,
तोच तीच ओळ घेऊन दुसरा मागून आला,
मग तिसरा, खालून, खर्जातून.
कुणी कुणासाठी थांबेना.
तंबोरा नाही. सम कुठे, कळेना.
म्हटलं, पलीकडच्या बाजूचं अलीकडे झिरपतंय.

टेप उचलून यावल रोडला नेला, रमजान तडवीकडे.
त्यानं हेड पुसलं, कान लावला,
दोन शेंगदाणे तोंडात टाकले.
"मशीन बराबर शे, भो. गानंच दोन तोंडी शे."
पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन पुन्हा लावली. दुपारचे अडीच.
बाहेर शेहेचाळीस अंश, कुत्री नळाच्या ओलीत.

आमचा नियम साधा होता :
पुढची गाडी पुढचं स्टेशन गाठत नाही
तोवर मागचीला सिग्नल नाही.
एका सेक्शनात एक गाडी.
माझं ऐकणंही तसंच, एक गळा, एक राग,
बाकी सगळं लूप लाइनीत उभं.
आणि इथं ही बॅच
पहिली सुटली न सुटली तो दुसरी सोडते,
तिसरी सोडते, चौथी, त्याच रुळावर,
मी खुर्चीच्या कडेला,
हात लिव्हरसाठी शिवशिवतोय,
धडकतील, आत्ता धडकतील,

आणि धडकत नाहीत.
चारी एकदम फलाटाला लागतात
आणि एकच सुस्कारा टाकतात.

नऊ वेळा रिवाइंड केलं.
सुनेनं मधलं दार लोटून घेतलं.

गॉडफ्रेला फोन लावला. तिकडे उन्हं कलली होती.
भाग एक कुठाय?
"भाग एक? मी कधी पाहिलाच नाही.
ती कॅसेट खंडव्याच्या एका गार्डची,
तो इंग्लंडला गेला तेव्हा मला देऊन गेला.
खरं सांगू? लावली नाही कधी.
तू ऐकलीस? कशी आहे?"
मला सांगता आलं नाही.
बिल वाढत होतं, कोंबड्यांचं विचारलं, ठेवला.

सातशे तेरा. प्रहर : दुपार.
पेन्सिलीनं लिहिलं, मग त्यावरूनच शाईनं.
भाग एकला ओळ उरली नव्हती,
समासात तिरकं लिहिलं : नाही.
साडूकडची परत मागता येते,
कापलेली कुठे कापली ते ठाऊक असतं.
ही जागा मात्र रिकामी आहे
हेच मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

हल्ली रविवारी रमजान येतो,
शेंगदाणे घेऊन.
"लाव भो, ते दोन तोंडी."
तोंडं चार आहेत
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.